श्वानस्नेही किनारा : एका विशेषणाचा पूर्वेतिहास

अलीकडे दिवाळी-नाताळच्या तोंडावर अलिबाग, काशीद, दिवेआगर, गणपतीपुळे या बाजूंच्या निवासांच्या जाहिरातींत एक विशेषण हटकून भेटू लागले आहे. ‘पेट-फ्रेंडली’ हे त्याचे मूळ रूप. मराठीत ‘पर्यावरणस्नेही’च्या चालीवर त्याचे ‘श्वानस्नेही’ सहज होते. खोली श्वानस्नेही, अंगण श्वानस्नेही आणि समोरचा समुद्रकिनाराही श्वानस्नेही. सुट्टीत समुद्रावर जायचे आणि घरचा कुत्राही बरोबर न्यायचा, ही हौस आता समुद्रापासून दूर असलेल्या आमच्या परभणीसारख्या जिल्ह्यातील मोटारवाल्या घरांनाही अपरिचित राहिलेली नाही. हौसेला आमची हरकत नाही. परंतु आम्ही पडलो भाषेचे मास्तर. आमचे पाऊल विशेषणाशी अडखळते. पाण्याला ‘गोडे’ म्हणण्याची पाळी खारे पाणी चाखल्यावरच येते. तेव्हा किनाऱ्याला श्वानस्नेही म्हणण्यापूर्वी कोणी तरी, कोठे तरी कुत्र्याला किनाऱ्यावरून हाकलले असले पाहिजे. ते कोणी, कोठे आणि कशासाठी, याचा माग काढण्याचा हा प्रयत्न आहे.

सुट्टीच्या किनाऱ्यावरून कुत्रा हाकलण्याची रीत मूळची विलायती. समुद्रावर सुट्टी घालविण्याची कल्पनाच तिकडे प्रथम औषध म्हणून जन्मली. १७५० साली डॉ. रिचर्ड रसेल यांनी समुद्राच्या पाण्याच्या औषधी गुणांवर लॅटिन भाषेत प्रबंध लिहिला. ग्रंथींच्या विकारांवर हे पाणी अंगावर घ्यावे, इतकेच नव्हे तर प्यावेही, असा त्यांचा उपचार होता. ब्रायटन या मासेमारीच्या गावाचे नशीब त्यातून उघडले. आधी रोगी आले, मागोमाग राजपुत्र आला, १८४१ मध्ये लंडनहून आगगाडी आली आणि १८७१ च्या कायद्याने बँकांच्या सुट्ट्या ठरल्यावर कारकून-कामगारांचे लोंढेही आले. औषधाची जत्रा झाली, आणि जत्रेत जागेची वाटणी ठरलेलीच. आज ब्रायटनच्या किनाऱ्याच्या ठरावीक पट्ट्यांवर १ मे ते ३० सप्टेंबर या काळात कुत्र्यांना मज्जाव असतो. उरलेल्या पट्ट्यांवर मुभा असते. श्वानस्नेही किनारा म्हणजे हा उरलेला किनारा. बंदी वजा जाता जे शिल्लक राहते, त्याला नाव मात्र स्नेहाचे मिळाले आहे.

याच ब्रायटनच्या किनाऱ्यावर १९०९ साली सावरकरांनी ‘सागरास’ ही कविता रचली. आम्ही ती वर्षानुवर्षे शिकवतो. विरह, मातृभूमी, समुद्राचे मानवीकरण या सर्वांवर पानेच्या पाने उत्तरे लिहून घेतो. परंतु मराठीतील ही सर्वाधिक परिचित समुद्रकविता इंग्रजांच्या हवापालटाच्या गावी जन्मली, हे सांगायचे बहुधा राहून जाते. इंग्रजाला जो किनारा विश्रांतीचा, तोच या हिंदी तरुणाला अडवणुकीचा वाटला.

गंमत अशी, की समुद्रावर सुट्टी घालविणारा हा इंग्रज मुंबईत आला की सुट्टीसाठी समुद्राकडे पाठ फिरवीत असे. माल्कमच्या कारकिर्दीत १८२८ च्या सुमारास महाबळेश्वर वसले, १८५० मध्ये मॅलेटने माथेरान हुडकले. साहेब डोंगरावर जाई. समुद्राचा उपयोग गलबतांपुरता आणि संध्याकाळी हवा खाण्यापुरता. आपल्याकडेही किनारा ही सुट्टीची जागा नव्हती. तेथे मासळी सुकत असे, मिठागरे असत, गणपतीचे विसर्जन होई. १ ऑगस्ट १९२० रोजी लोकमान्यांच्या देहाला अग्नी दिला गेला तोही गिरगावच्या चौपाटीवर. भाषेतही याच्या खुणा आहेत. कोकणी माणसाला ‘पुळण’ हा शब्द ठाऊक आहे, मुंबईकराला ‘चौपाटी’. घाटावरच्या आम्हां लोकांकडे वाळूसाठी एकच शब्द आहे, ‘वाळवंट’, आणि तो नदीचा आहे.

मराठवाड्याच्या वाट्याला समुद्र आलाच नाही. निजामाचे राज्य चहूंकडून भूमीने वेढलेले. १९४७ मध्ये पोर्तुगिजांकडून मुरगाव बंदर मिळविण्याची खटपट हैदराबादेने करून पाहिली, ती फळली नाही, आणि १७ सप्टेंबर १९४८ ला तो प्रश्नच संपला. आमची वाळू गोदावरीची. जनाबाईंच्या गंगाखेडला यात्रेकरू ज्या वाळूवर उतरतात, तेथे कुत्र्याला कोणी बोलावीत नाही आणि कोणी अडवीतही नाही. शिजलेल्या अन्नाच्या वासाने तो येतो, हाड केले की चार पावले सरकतो, पुन्हा येतो. नामदेवांची सर्वश्रुत कथा याच दृश्यातून उपजली असावी, असे आम्हांस नेहमी वाटते. कुत्र्याने पोळी पळवली आणि नामदेव तुपाची वाटी घेऊन त्याच्यामागे धावले, का, तर कोरडी पोळी त्याच्या घशाला लागेल म्हणून. नामदेवांचे नरसी हे गाव १९९९ मध्ये हिंगोली जिल्हा वेगळा होईपर्यंत आमच्याच जिल्ह्यात होते, त्यामुळे या कथेवर आमचा थोडा स्थानिक हक्क आहे. कीर्तनकार तिच्यातून सर्वांभूती परमेश्वर काढतात, ते योग्यच. आमचे लक्ष मात्र तुपाच्या वाटीकडे जाते. कुत्र्याला येऊ देणे वेगळे आणि त्याच्या घशाची काळजी वाहणे वेगळे.

कुत्रा आणि समुद्रकिनारा यांची आपल्या वाङ्मयातील एक फार जुनी जोडी महाभारतात आहे आणि ती सहसा कोणाच्या ध्यानी येत नाही. महाप्रस्थानिक पर्वातील धर्मराजाचा कुत्रा म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे हिमालय उभा राहतो. कॅलेंडरांनी तसे चित्रच आपल्या मनावर ठसविले आहे. पण पांडव थेट हिमालयात गेलेले नाहीत. हस्तिनापुराहून ते पूर्वेस निघाले ते लौहित्य सागरापर्यंत, जेथे अग्नीच्या सांगण्यावरून अर्जुनाने गांडीव पाण्यात टाकले. तेथून दक्षिणेस, मग क्षारसमुद्राच्या काठाने नैर्ऋत्येस आणि पुढे पश्चिमेस वळून समुद्राने गिळलेली द्वारका त्यांनी पाहिली. त्यानंतर उत्तर. पाच भाऊ, सहावी द्रौपदी आणि सातवा कुत्रा, हे सातही जण ही सारी किनाऱ्याची वाट चालले. एवढ्या लांबलचक प्रवासात कुत्र्याच्या असण्याला कोणी हरकत घेतल्याचे व्यासांनी लिहिलेले नाही. हरकत निघाली ती स्वर्गाच्या दाराशी. कुत्रेवाल्यांना येथे जागा नाही, असे इंद्राने सांगितले आणि धर्मराजाने रथात पाय ठेवायचे नाकारले. प्रवेशबंदीची पाटी, म्हणजे, जेथे जागा खास निवडक मंडळींची होती तेथे लागली. समुद्र मोकळाच होता.

समुद्राकाठच्या कुत्र्यावर सरकारी हात पडला तो मुंबईत. १८१३ च्या नियमाने वर्षातील ठरावीक उष्ण दिवसांत मोकाट कुत्री मारण्याची मुभा दिलेली होती. १८३२ मध्ये ही मुदत १५ जूनपर्यंत वाढविण्यात आली आणि दर कुत्र्यामागे आठ आणे बक्षीस होते. आठ आणे ही त्या काळी लहान रक्कम नव्हे. बक्षिसाच्या लोभाने मारेकरी पाळलेली कुत्रीही घराच्या ओट्यावरून ओढून नेऊ लागले. सरकारला भीती पिसाळलेल्या कुत्र्याची होती आणि ती खोटी म्हणता येणार नाही. पाश्चरची लस यायला अजून पन्नासाहून अधिक वर्षे होती. पिसाळलेला कुत्रा चावून रोग जडला की मरण निश्चित होते.

परंतु मुंबई हे काही इंग्रजांचे एकट्याचे गाव नव्हते. पारशांच्या धर्मात कुत्र्याचे स्थान फार वरचे. मृतदेहावर कुत्र्याची दृष्टी पडल्याखेरीज, म्हणजे सगदीदचा विधी झाल्याखेरीज, अंत्यसंस्कार पुरा होत नाही. वेंदिदादमध्ये कुत्र्याच्या पालनावर आणि त्याला इजा करणाऱ्याच्या शिक्षेवर सविस्तर विवेचन आहे. ६ जून १८३२ रोजी कोटात कुत्री मारणाऱ्या गोऱ्या शिपायांवर पारशी जमाव तुटून पडला. दुसऱ्या दिवशी दुकाने बंद झाली. जैन, हिंदू आणि काही मुसलमान व्यापारीही या बंदात सामील झाले. कुलाब्याच्या लष्करी छावणीकडे जाणारा अन्नपाण्याचा पुरवठा अडविण्यात आला. कुलाबा त्या वेळी वेगळे बेट होते; त्याला मुंबईशी जोडणारा बांधीव रस्ता पुढे १८३८ मध्ये पुरा झाला, यावरून ही कोंडी किती झोंबली असेल त्याची कल्पना यावी. फौज बोलवावी लागली, धरपकड झाली, खटले चालले.

या प्रकरणाला इतिहासकार ‘डॉग रायट्स’ म्हणतात. मराठी इतिहासलेखनात त्याचा उल्लेख झालाच तर पारशांच्या धर्मवेडाचा किस्सा म्हणून होतो. आम्हांस ते मान्य नाही. १८५७ च्या पंचवीस वर्षे आधी मुंबईच्या व्यापाऱ्यांनी सरकारविरुद्ध केलेला हा सार्वजनिक बंद होता, आणि त्याच्या मुळाशी, आमच्या ओट्यापर्यंत कोण येईल हे कोण ठरवणार, हा प्रश्न होता. कुत्रा हे निमित्त होते असे म्हणण्याचा मोह आम्ही टाळतो. ज्यांनी दगड उचलले त्यांना तो निमित्त वाटत नव्हता.

पुढची घडामोड आमच्या विषयाला अधिक जवळची आहे. जमशेटजी जिजीभाई यांनी सरकारशी रदबदली केली, आणि कुत्री मारण्याऐवजी शहराबाहेर हलवावीत असा मार्ग निघाला. हलवायची तर ठेवायची कोठे? १८३४ मध्ये जमशेटजी आणि अमीचंद शहा यांच्या पुढाकाराने मुंबईची पांजरापोळ उभी राहिली. चार वर्षांनी सरकारने गुरांच्या चराईवर पट्टी बसवली, तेव्हा याच जमशेटजींनी ठाकुरद्वाराजवळची समुद्रालगतची कुरणे पदरचे पैसे घालून विकत घेतली आणि ती चराईस मोकळी ठेवली. चर्नी रोड हे नाव त्या चरणीवरून आले, अशी व्युत्पत्ती सांगितली जाते. तिला प्रतिस्पर्धी व्युत्पत्तीही आहे. ते काही असो. गिरगाव चौपाटीवर जायला आज आपण ज्या स्थानकावर उतरतो, त्याच्या परिसरात एके काळी समुद्राची हवा खात जनावरे फुकट चरत होती. श्वानस्नेही म्हणा, पशुस्नेही म्हणा, असा किनारा या राज्यात एकदा खरोखर होऊन गेला, आणि तो पाहुण्यांसाठी नव्हता.

पाणवठ्यावर कोण येऊ शकते, या प्रश्नाची दुसरी बाजू सांगितल्यावाचून पुढे जाणे अप्रामाणिकपणाचे होईल. वरंधा घाट उतरून हरिहरेश्वर-श्रीवर्धनकडे जाणाऱ्या पर्यटकाला वाटेत महाड लागते. त्या वेळी हा कुलाबा जिल्हा. रायगड हे नाव १९८१ चे. सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले असावेत हा सीताराम केशव बोले यांचा ठराव मुंबईच्या विधिमंडळात १९२३ मध्ये मंजूर झाला, महाड नगरपालिकेने १९२४ मध्ये चवदार तळे कागदावर खुले केले, आणि तरीही तेथे पाणी पिण्यासाठी २० मार्च १९२७ उजाडावा लागला. गुरे तळ्यावर येतात, कुत्री-मांजरे येतात, त्यांनी तळे बाटत नाही आणि माणसाच्या ओंजळीने बाटते, हा युक्तिवाद त्या चळवळीत पुन्हापुन्हा केला गेला. त्याचे उत्तर प्रतिपक्षाजवळ नव्हते. त्याने तळ्याची शुद्धी तेवढी करून घेतली. त्याच वर्षी २५ डिसेंबरला महाडलाच मनुस्मृती जाळण्यात आली. त्या ग्रंथाच्या दहाव्या अध्यायात गावाबाहेर ठेवलेल्या माणसांचे धन म्हणून कुत्री आणि गाढवे नेमून दिलेली आहेत, हे येथे आठवले म्हणजे कुत्रा या प्राण्यावर आपल्या समाजाने कोणकोणती ओझी लादली ते कळते. आमच्या वर्गात एखादा विद्यार्थी श्वानस्नेही हा शब्द ऐकून हसतो तेव्हा ते हसू निव्वळ चेष्टेचे असतेच असे नाही.

या पार्श्वभूमीवर दरवर्षी न चुकता कोकणात उतरणाऱ्या एका कुत्र्याची दखल घ्यायला हवी. पावसाळा सरला की फलटण-बारामतीकडचे मेंढपाळ धनगर आपले वाडे उचलतात, घाट उतरतात आणि भातकापणी झालेल्या खाचरांत मेंढ्या बसवतात. मेंढ्यांच्या लेंड्या-मुताचे खत शेताला मिळते, बदल्यात धनगराला धान्य किंवा पैसे मिळतात. घोड्यावर बिऱ्हाड, मागे कळप आणि कळपाच्या कडेने कुत्री. मेंढीला कोकणातला पाऊस सोसत नाही, म्हणून वळवाच्या आत परतीची वाट धरायची. मल्होत्रा आणि गाडगीळ यांच्या अभ्यासांतून या फिरतीची रचना ध्यानात येते, आणि ग्युंथर सोन्थायमर यांनी धनगरांचे दैवत आणि मौखिक परंपरा यांचे दालनच अभ्यासकांपुढे उघडले. या कुत्र्याला कोकणात रात्रीची राखण असते, सुट्टी नसते. आणि त्याच्या धन्याला, कुत्रे चालेल का, असे विचारावे लागत नाही. त्याचे येणे शेतकऱ्याच्या व्यवहारात आधीच धरलेले असते.

सुट्टीच्या कुत्र्याचा प्रवास निराळा. एसटीने सामान्य माणसाला कोकण दाखविले, १९७५ मध्ये राज्याचे पर्यटन महामंडळ स्थापन झाले आणि शाळेच्या सहलीही समुद्रावर जाऊ लागल्या; कुत्रा मात्र या सगळ्यांत घरीच राहिला, शेजाऱ्याच्या भरवशावर. रेल्वेत त्याला न्यायचे तर पहिल्या वर्गाच्या वातानुकूलित डब्यातील आख्खी कुपे किंवा केबिन आपल्या नावावर हवी, नाही तर गार्डाच्या डब्यातील पेटीत त्याची रवानगी. परभणीहून रात्रभर पेटीत कोंडलेला कुत्रा सकाळी समुद्र पाहून आनंदेल, अशी आशा कोणी करू नये. तेव्हा श्वानस्नेही सहल ही मुळात स्वतःच्या मोटारीची सहल आहे. पु. लं.नी ‘पाळीव प्राणी’ लिहिला तेव्हा कुत्रेवाल्यांच्या घरी जाणाऱ्या पाहुण्याची फजिती हा विनोदाचा विषय होता. आता कुत्राच पाहुणा झाला आहे.

आणि हा पाहुणा जेथे येतो तेथे आधीपासून कुत्री आहेत, हे जाहिरात सांगत नाही. सुकत घातलेल्या मासळीच्या आसपास वाढलेली, कोणाच्याच मालकीची नसलेली आणि सगळ्या वाडीला ओळखणारी ही कुत्री. पट्ट्यातला कुत्रा वाळूवर उतरला की ती भुंकतात, पाहुणा तक्रार करतो, मालक काठी घेऊन धावतो. श्वानस्नेही किनाऱ्यावर काठी पडते ती कुत्र्यावरच. २००१ च्या आणि त्यानंतरच्या २०२३ च्या नियमांप्रमाणे भटक्या कुत्र्याचे निर्बीजीकरण व लसीकरण करून त्याला पकडल्या जागी सोडावयाचे असते. ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिल्लीच्या कुत्र्यांबाबत प्रथम ११ तारखेस निवाऱ्यांत हलविण्याचा आणि मग २२ तारखेस, पिसाळलेली व आक्रमक वगळता, सोडून देण्याचा आदेश दिला, तेव्हा मारावे, हलवावे की राहू द्यावे हा १८३२ चाच वाद नव्या शब्दांत ऐकू येत होता. फरक एवढा की आज लस आहे. गोव्यात २०१३ पासून ‘मिशन रेबीज’ने सरकारच्या साथीने गावोगावी, किनाऱ्याकिनाऱ्यांवर कुत्र्यांना लस टोचली. २०१७ नंतर पाहणीच्या काळात तेथे या रोगाने माणूस दगावल्याची नोंद झाली नाही, असे २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात मांडले आहे. आठ आण्यांच्या बक्षिसाने हे साधले नव्हते.

दुसरीकडे ‘ब्लू फ्लॅग’ नावाचे आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्र आहे. ते हवे असेल तर किनाऱ्यावर कुत्र्यांच्या वावरावर कडक नियंत्रण लागते. २०२५ मध्ये श्रीवर्धन, नागाव, पर्नाका, गुहागर आणि लाडघर या आपल्या पाच किनाऱ्यांची नावे या योजनेत झळकली. जाहिरात कुत्र्याला बोलावते, बावटा त्याला आवरा म्हणतो, आणि दोघेही वाडीला काही विचारत नाहीत.

कुत्र्याला खरोखर अडवावे असे एक ठिकाण आम्ही मान्य करतो. रत्नागिरी जिल्ह्यातील वेळास येथे चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने २००२ पासून ऑलिव्ह रिडले कासवांची घरटी राखण्याचे काम सुरू केले. मादी रात्री पुळणीवर येते, खड्डा करून शंभराच्या आसपास अंडी घालते आणि निघून जाते. त्यानंतरचे दीड-दोन महिने अंडी वाळूखाली असतात. पूर्वी ती माणसे काढून नेत. कुत्री आणि कोल्हे उकरून खात. गावकऱ्यांनीच ती उचलून कुंपण घातलेल्या जागेत पुरायला सुरुवात केली, आणि त्यातून पुढे कासव महोत्सव उभा राहिला. तेथे मुद्दाम सोडलेल्या पट्ट्यातल्या कुत्र्याला आणि वाडीतल्या बिनपट्ट्याच्या कुत्र्याला नियम एकच आहे, कारण अंड्याला दोघांत फरक करता येत नाही. सकाळ-संध्याकाळ पिले सोडतात तेव्हा वाळूवर दोरी बांधलेली असते, आणि मुंबई-पुण्याहून आलेले पाहुणे तिच्या अलीकडे उकिडवे बसून, हळू आवाजात बोलत, पिले पाण्यापर्यंत पोचायची वाट पाहतात.